परिचारिकेचा संसार

नगरहून पुण्याच्या वाटेला लागले की केडगाव येते. (शहराचे आणि जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, पण आमच्या वयाच्या माणसाच्या तोंडून अजून नगरच निघते, तेवढे सांभाळून घ्यावे.) पूर्वी हे निराळे खेडे होते, आता महानगरपालिकेच्या हद्दीत आले आहे. तरी नवरात्रात रेणुकामातेच्या देवळाकडे लोटणारी माणसे पाहिली म्हणजे गावपण अजून मोडलेले नाही, असे वाटते.

या गावात सकाळी साडेआठच्या सुमाराला रस्त्याच्या कडेला जरा उभे राहा. सगळी माणसे शहराकडे निघालेली असतात. कुणी कामाला, कुणी कॉलेजात, कुणी बाजारात. त्यात एखादी बाई उलट दिशेने गावाकडे येताना दिसेल. हातात रिकाम्या डब्याची पिशवी, डोळे तांबारलेले. ही रात्रपाळी करून आलेली नर्सबाई. आपल्याकडे बहुतेक सरकारी दवाखान्यांत सकाळची पाळी आठ ते दोन, दुपारची दोन ते आठ आणि रात्रीची आठ ते आठ असते. म्हणजे रात्रीचे तास सरळ बारा. ती घरात शिरते तेव्हा नवरा चपला घालीत असतो. तो संध्याकाळी परततो तेव्हा तिची निघायची घाई. गॅस संपत आलाय, पोराची फी भरायचीय, एवढे दोन शब्द उंबऱ्यावर होतात, आणि पुन्हा बारा तास पडदा.

अशा संसारात नवरा-बायकोच्या मनाचे आणि सहवासाचे काय होते, हा आजचा विषय. विषय नाजूक आहे. रेडिओवर हे बोलावे काय, असे काही वडीलधाऱ्या मंडळींना वाटेल. पण न बोलल्यामुळे जे नुकसान होते ते मी माझ्याच घरात पाहिले आहे. शिवाय त्यात माझाही एक अपराध आहे, तो यथावकाश सांगेन. आधी थोडा इतिहास पाहू, कारण या दुखण्याचे मूळ आजकालचे नाही.

आधुनिक परिचर्येची आई म्हणून फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे नाव आपण शाळेत शिकवतो. क्रिमियाच्या युद्धातला त्यांचा कंदील मुलांना पाठ असतो. त्याआधी, १८४९ साली, रिचर्ड मॉन्क्टन मिल्न्स नावाच्या गृहस्थांनी घातलेली मागणी त्यांनी नाकारली आणि त्या आजन्म अविवाहित राहिल्या, ही गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही. १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या निधीतून परिचारिकांची शाळा निघाली. मुलींनी तिथेच राहायचे, तिथेच जेवायचे. कामाइतकीच वागणुकीचीही नोंद ठेवली जायची. त्या काळी इंग्लंडात या धंद्याला अजिबात प्रतिष्ठा नव्हती, तेव्हा ती मिळवण्यासाठी हा कडकपणा त्यांना लागला असेल. मात्र त्यातून एक साचा तयार झाला. चांगली परिचारिका म्हणजे घरदार मागे ठेवून आलेली बाई.

हा साचा आपल्याकडे आला मुंबईच्या बंदरातून. कामा हॉस्पिटल १८८६ साली सुरू झाले. शिक्षण घेण्यासाठी आलेली पहिली देशी परिचारिका म्हणून बाई काशीबाई गणपत यांचे नाव परिचर्येच्या पाठ्यपुस्तकांत १८९१ या सालाखाली दिलेले असते. पुढे १९०९ साली पुण्यात सेवासदन निघाले. न्यायमूर्ती रानडे १९०१ साली वारल्यावर रमाबाई रानडे यांनी जे अफाट काम उभे केले त्यात हे सेवासदन. ससून रुग्णालयात बायकांना नर्सिंगचे शिक्षण मिळावे म्हणून त्यांनी खटपट केली, राहण्याची सोय केली, चांगल्या घरच्या मुली असले काम करतील काय हा लोकापवाद अंगावर घेतला. शिकायला येणाऱ्यांत पुष्कळशा विधवा असत, नवऱ्याने टाकलेल्याही असत.

या कामाला मी हात जोडतो. केशवपन झालेली, माजघराच्या कोपऱ्यात बसवलेली बाई ससूनच्या वॉर्डात ताठ मानेने उभी राहिली, ही सामान्य गोष्ट नव्हे. परंतु तिकडून आलेला अविवाहित सेवेचा साचा आपल्या विधवेला अगदी मापाने बसला, हेही नमूद केले पाहिजे. जिला संसार नाही तिला काम मिळाले. जिला काम आहे तिलाही संसार असतो, लेकरू असते, नवऱ्याच्या शेजारी दोन घटका बसायची इच्छा असते, याचा विचार त्या मांडणीत कुठेच नव्हता. वसतिगृह झाले, मेट्रन झाली, दाराला कुलूप लावायची वेळ ठरली. सारी व्यवस्था एकट्या बाईसाठी.

आमच्या नगरात हे काम मिशनच्या दवाखान्यातून रुजले. आज ज्याला लोक बूथ हॉस्पिटल म्हणतात ते साल्व्हेशन आर्मीचे इव्हँजेलीन बूथ रुग्णालय त्याच परंपरेतले. हिंदू घरांत या कामाला विटाळाची भीती फार. परक्या पुरुषाचे अंग पुसायचे, मलमूत्र काढायचे, बाळंतिणीचे रक्त धुवायचे. हे काम करणाऱ्या हातची भाकर कोण खाणार, असा प्रश्न विचारला जाई. म्हणून पहिल्या पिढ्यांत ख्रिस्ती मुली अधिक. परिणाम असा की, १९४६ साली भोर समितीने देशाच्या आरोग्याचा अहवाल दिला तेव्हा साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात परिचारिका होत्या सुमारे ७,०००. लोकसंख्येला भागले तर ४३,००० माणसांमागे एक. गुरुजनहो, हा भागाकार वर्गात फळ्यावर मांडून पाहा. एवढ्या थोड्या बायांच्या अंगावर केवढे ओझे पडले असेल, ते मुलांना पटकन कळेल.

आता लग्नाचा नियम. इंग्लंडात शिक्षिकेने लग्न केले की नोकरी जाई. ती अट १९४४ च्या शिक्षण कायद्याने उठली. आपल्याकडे मुंबईतल्या एका औषध कंपनीने पॅकिंग आणि लेबल खात्यातल्या स्त्रियांना अशीच अट घातली होती. कामगार संघटना सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि १९६५ साली न्यायालयाने ती अट काढायला लावली. तेव्हा वाटावे की प्रश्न मिटला. कुठला मिटतोय! १९७७ सालच्या लष्कराच्या एका आदेशात, त्याचा क्रमांक ६१, लष्करी परिचारिकेची नेमणूक कधी संपेल याची कलमे आहेत. पहिले कलम, वैद्यकीय मंडळाने अपात्र ठरवल्यास. तिसरे कलम, गैरवर्तन, कराराचा भंग किंवा असमाधानकारक काम. आणि या दोहोंच्या मध्ये दुसरे कलम, विवाह केल्यास. आजारपण, लग्न आणि गैरवर्तन अशी ती ओळ आहे. मी ती वाचली तेव्हा आधी हसलो, आणि मग हसू आवरले.

याच आदेशाखाली १९८८ साली सेलिना जॉन या लेफ्टनंट परिचारिकेची नोकरी गेली. तिने लग्न केले होते एका लष्करी अधिकाऱ्याशीच. लग्न दोघांचे, पण ज्या नियमाने नोकरी गेली तो लागू होता फक्त तिला. तो आदेश १९९५ साली मागे घेण्यात आला. तिने दाद मागणे सोडले नाही आणि १४ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की लग्न केले म्हणून स्त्रीला कामावरून काढणे हा उघड भेदभाव आहे. तिला ६० लाख रुपये द्यावेत असा हुकूम झाला. नोकरी गेल्यापासून निकाल लागेपर्यंत छत्तीस वर्षे गेली. आमच्या नगरला छावणी आहे, लष्करी रुग्णालय आहे. तेव्हा ही गोष्ट आम्हाला काही परमुलखातली नव्हे.

नियम गेला. पण पाळी लावणारा कागद अजून त्या जुन्या साच्यातूनच निघतो, असे माझे मत आहे. आणि इथे मला माझ्या थोरल्या बहिणीबद्दल बोलले पाहिजे. आम्ही तिला आक्का म्हणतो. १९७६ साली ती सरकारी नोकरीत लागली. दाजी झेडपीच्या शाळेत शिक्षक. दवाखान्याचे नाव घेत नाही. तिथे जे होते तेच इतर ठिकाणी होते. चाळीस खाटांचा वॉर्ड, रात्री नर्स एक. शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन खाटांमागे एक आणि साध्या रुग्णालयात पाच खाटांमागे एक परिचारिका असावी, असे भारतीय परिचर्या परिषदेचे माप आहे. ते माप कागदावर होते, आणि आक्का चाळीस खाटांच्या मधोमध एकटी होती.

त्या काळी नवजात बाळांना धनुर्वात फार व्हायचा. खेड्यात नाळ विळ्याने कापलेली, वर शेण लावलेले, आणि आठव्या दिवशी बाळ आखडलेले. आक्काच्या एका रात्रपाळीत अशी दोन बाळे गेली. सकाळी घरी आली, अंघोळ केली, स्वयंपाक केला, आणि मग चार दिवस कुणाशी धड बोलली नाही. दाजींनी जवळ बसून पाठीवर हात ठेवला, तर ती झटकन बाजूला सरली. असे पुढे वरचेवर व्हायला लागले. दाजी सरळ माणूस. पण तेही माणूसच. त्यांना वाटले, हिला आपण नकोसे झालो. आईला वाटले, पगाराची मिजास आली. आणि मला, मी तेव्हा नुकताच डी.एड. झालेला शहाणा, मला वाटले की हिचा स्वभावच मुळात कोरडा. मी तिला तोंडावर म्हटले, "आक्का, दवाखान्यात परक्यांशी गोड बोलतीस अन् घरी दगडासारखी बसतीस. दाजींनी काय पाप केलंय?"

ती एवढंच म्हणाली, "अरे, बारा तास हात लोकांच्या अंगावर असतो. घरी आल्यावर कुणी हात लावला की वाटतं, आता हे पण काम."

हे वाक्य मला कळायला वीस वर्षे लागली.

ते कळले ते एका जुन्या अभ्यासामुळे. १९६० साली इझाबेल मेन्झिस या बाईंनी लंडनच्या एका मोठ्या रुग्णालयातल्या परिचारिकांचे निरीक्षण छापले. त्यांना दिसले ते असे. मरण, वेदना, उघडे अंग यांच्या सान्निध्यात माणसाला जी भीती वाटते ती आवरण्यासाठी रुग्णालय स्वतःच एक पद्धत लावून घेते. रुग्णाला नावाने न ओळखता खाटेच्या आकड्याने किंवा रोगाने ओळखायचे. एकीने एका रुग्णाचे सगळे करायचे नाही. एकीने साऱ्यांचा ताप बघायचा, दुसरीने साऱ्यांच्या चादरी बदलायच्या. वॉर्ड सारखे बदलायचे, म्हणजे कुणात जीव गुंतत नाही. डोळ्यांत पाणी आले तर शिस्तीत बसत नाही. याने भीती जात नाही, ती झाकली जाते. तिथल्या शिकाऊ मुलींपैकी सुमारे एकतृतीयांश शिक्षण अर्धवट सोडून जात, आणि त्यांतल्या बऱ्याच जणी कामाला चांगल्या होत्या, असे त्यांनी लिहिले आहे.

मेन्झिस बाईंनी घरापर्यंत जाऊन पाहिले नाही. ते आपण पाहू शकतो. मन बधिर करायची जी सवय वॉर्डात लागते ती युनिफॉर्मसारखी खुंटीला टांगता येत नाही. दिवसभर दाबून ठेवलेले रडू घरी सोडायचे, तर घरी सासू आहे, पोरांचा गृहपाठ आहे. मग रडू दाबताना प्रेमही दाबले जाते, कारण मनाच्या ज्या दारातून एक येते त्याच दारातून दुसरे. या थकव्याला १९७४ साली अमेरिकेत हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसतज्ज्ञाने जळून संपण्याचे नाव दिले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आपल्या नव्या वर्गीकरणात त्याची नोंद केली. तो रोग आहे असे मात्र संघटना म्हणत नाही. कामाचा ताण नीट आवरला न गेल्याने होणारी ती अवस्था आहे. हा भेद मला महत्त्वाचा वाटतो. दोष कामात असेल तर बाईच्या स्वभावाला औषध देऊन काय होणार?

झोपेचेही तसेच आहे. रात्रीची झोप दिवसा भरून निघते, हा आपला गैरसमज. शरीराचे घड्याळ सूर्यावर चालते. दिवसाची झोप तुटक आणि तोकडी होते. त्यातून मे महिन्यात पत्र्याखालचे ऊन, शेजारी लग्नाचा बँड, दारावर भाजीवाला, आणि "दिवसा कशी ग झोपतेस?" म्हणून चौकशीला आलेली मावशी. अशा आठ-दहा रात्री लागोपाठ झाल्या की चिडचिड होते, भूक जाते, आणि नवऱ्याच्या जवळ जाण्याची इच्छाही आटते. ती मेलेली नसते, झोपेअभावी मिटलेली असते. नवऱ्याला हे कुणी सांगत नाही. तो आपल्या परीने अर्थ लावतो, आणि बहुधा चुकीचा लावतो. एखाद्याच्या मनात संशयही शिरतो. रात्री बाहेर राहणाऱ्या बाईविषयी गावात काय काय बोलले जाते, ते मी सांगायला नको. गंमत म्हणजे तेच गाव मुलासाठी स्थळ पाहताना सरकारी नर्स चालेल म्हणते आणि वर पुस्ती जोडते, रात्रपाळी नसावी!

तुम्हा खेड्यातल्या मंडळींच्या ओळखीची दुसरी एक बाई आहे, उपकेंद्रातली एएनएम. तिला पाळी नाही, म्हणजे तिला सुटीच नाही. दार केव्हाही वाजते. तिचा नवरा बहुधा दुसऱ्या गावी नोकरीला. आणीबाणीत, १९७६ च्या सुमाराला, कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियांचे आकडे पुरे करण्याचा जो तगादा होता त्यात या बायका वरून साहेब आणि खालून गाव, अशा दोन्हीकडून भरडल्या गेल्या. दुसऱ्यांच्या बिछान्याचा हिशेब ठेवायचे काम जिच्याकडे, तिला स्वतःच्या नवऱ्याची गाठ आठवड्यातून एकदा. वरून ठरवून देण्याची ही आकड्यांची पद्धत देशभर उठली ती १९९६ साली. आम्हा शिक्षकांना बदल्यांत पती-पत्नी एकत्रीकरण मिळावे म्हणून आम्ही किती अर्ज केले, किती मोर्चे काढले! नर्सबाईच्या संसाराची आठवण आम्हाला तेव्हा झाली नाही, हे कबूल केले पाहिजे.

परदेशी गेलेल्यांचीही गोष्ट वेगळी नाही. आपल्याकडल्या दवाखान्यांत केरळच्या सिस्टर आपण पाहतोच. त्यांच्यातल्या अमेरिकेला गेलेल्या कुटुंबांवर शीबा जॉर्ज यांनी २००५ साली पुस्तक लिहिले. तिथे बायको आधी गेली, नोकरीला लागली, नवरा मागून गेला आणि त्याची पहिली पत उरली नाही. घरात कोणाचा शब्द चालायचा, पोरे कोणी सांभाळायची, यावरून किती घरांत नवा डाव मांडावा लागला ते त्यात आहे. पगार वाढला म्हणजे संसार सुखी होतो, हे एवढे सोपे नाही.

मग २०२० साल आले. नाइटिंगेल बाईंच्या जन्माला दोनशे वर्षे झाली म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने ते वर्ष परिचारिकांचे म्हणून जाहीर केले होते. २२ मार्चला संध्याकाळी आपण साऱ्यांनी थाळ्या वाजवल्या. त्यानंतर महिन्याभरात, २२ एप्रिलला, आरोग्य कर्मचाऱ्यांवर हात उगारणाऱ्याला शिक्षा करणारा वटहुकूम काढावा लागला. कारण थाळी वाजवणाऱ्यांतलेच काहीजण नर्सला घर खाली करायला सांगत होते. बूथ हॉस्पिटल तेव्हा नगरचे मोठे कोरोना रुग्णालय झाले होते. देशभर कितीतरी परिचारिका त्या काळात घरापासून दूर राहिल्या. घरी आल्या तरी वेगळ्या खोलीत, वेगळ्या ताटात. त्यानंतर ६ नोव्हेंबर २०२१ रोजी नगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली आणि ११ रुग्ण दगावले. पुढे अटक झाली त्यात डॉक्टरबरोबर परिचारिकाही होत्या. दोष कोणाचा हे ठरवणे न्यायालयाचे काम. मी फक्त त्या रात्री जिल्ह्यातल्या प्रत्येक नर्सच्या घरी काय बोलणे झाले असेल, ते मनाशी आणून पाहिले.

आता माझ्या अपराधाचे पुढचे सांगतो. आक्काचा संसार मोडला नाही, पण मोडायच्या बेतात आला होता. तो सावरला दाजींनी, आणि तोही अगदी शिक्षकी पद्धतीने. एक दिवस ते दवाखान्यात गेले, इनचार्ज सिस्टरना नमस्कार केला आणि महिन्याची ड्यूटी लिस्ट उतरवून आणली. घरच्या कॅलेंडरवर आक्काच्या रात्रपाळ्यांना निळी खूण, सुटीला तांबडी. निळ्या दिवशी दाजी सकाळी पोरांना घेऊन बाहेर पडायचे, दाराला बाहेरून कडी घालायचे आणि शेजारी सांगून ठेवायचे, "बाई झोपल्यात, हाक मारू नका." घरी आल्या आल्या तिला काही विचारायचे नाही, असेही त्यांनी ठरवले होते. चहा ठेवायचा आणि गप्प बसायचे. ती आपणहून बोलेल तेव्हा ऐकायचे. कधी दुसऱ्या दिवशी बोलायची, कधी आठ दिवसांनी. धनुर्वाताच्या त्या दोन बाळांबद्दल ती दाजींशी पहिल्यांदा बोलली तेव्हा दीड वर्ष उलटून गेले होते.

दाजींनी हे सारे आपल्या अकलेने केले. आज कुणाला एवढे एकट्याने ओढायला नको. मनाचा त्रास अंगावर काढू नये म्हणून सरकारने १० ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस नावाची फोनची सोय केली आहे, क्रमांक १४४१६. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. नर्सबाईने करावा, तिच्या नवऱ्यानेही करावा. पुरुषाने असल्या गोष्टीसाठी फोन करणे कमीपणाचे नाही. मात्र महिन्याची ड्यूटी लिस्ट आदल्या दिवशी नव्हे, आधी हातात मिळावी, लागोपाठच्या रात्रींना मर्यादा असावी, एकीच्या अंगावर चाळीस खाटा टाकू नयेत, या गोष्टी फोनने होणाऱ्या नाहीत. त्या दवाखान्यानेच करायच्या आहेत.

आक्का २०१२ साली निवृत्त झाली. आता दोघे केडगावातच राहतात. परवा मी मुक्कामाला होतो. पहाटे दोनच्या सुमाराला खोलीतला दिवा लागला. दाजींना विचारले, काय झाले? ते म्हणाले, "काही नाही, राऊंडची वेळ झाली. आठवड्यातून एकदा उठती अजून. मी पण उठून बसतो थोडा वेळ."